अमेरिकेत घरात सापडलेलं जुनं पिस्तूल 'गन बायबॅक'ला नेऊन द्यावं का? पैसे किती मिळतात?

न्यू जर्सीत जुनं घर घेतलंत, पोटमाळ्यावर आधीच्या मालकाचं पिस्तूल निघालं, तुम्ही एच-वन-बीवर आहात, आणि ते गाडीत घालून पुढच्या बायबॅकला (म्हणजे पोलीस लोकांकडून पैसे देऊन बंदुका जमा करून घेतात त्या कार्यक्रमाला) द्यावं का, हा तुमचा प्रश्न. नेऊ नका. आहे तिथेच राहू द्या, खोलीला कुलूप घाला आणि पोलिसांच्या साध्या नंबरवर फोन करा, 911 वर नको.

अडचण व्हिसाची आहे. एच-वन-बी, एच-फोर, एल-वन अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, ते तुम्हाला लागू नसणार. आणि 'बाळगणं' म्हणजे कमरेला लावणंच असं नाही, कपाटात ठेवणंही त्यात येतं. न्यू जर्सीच्या कायद्यात शरण-तरतूद आहे: शस्त्र कोणत्या तारखेला, किती वाजता ताब्यात देणार हे पोलिसप्रमुखांना आधी लेखी कळवलं आणि ठरल्याप्रमाणे दिलं, तर ते बाळगल्याबद्दल राज्याच्या कायद्याखाली शिक्षा होत नाही. मात्र तक्रार किंवा तपास सुरू होण्याआधी पत्र पोचलं पाहिजे. हे राज्यापुरतं, केंद्रीय कायदा वेगळा, म्हणून पत्रापूर्वी वकिलाशी अर्धा तास बोला. जुन्या मालकाला परस्पर परत देणं तर अजिबात नको, परवान्याशिवाय पिस्तूल दुसऱ्याला देणं हा तिथे गुन्हा आहे.

स्वतः 'रिकामं' करायच्या भानगडीत पडू नका. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मॅगझिन (गोळ्या भरायचं खोकं) काढलं की पिस्तूल रिकामं झालं असं वाटतं, पण एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, तशीच असू शकते. काही जण उलट करतात: आधी स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढून चेंबरमधली गोळी बाहेर काढतात आणि मग मॅगझिन. स्लाईड पुढे जाताना मॅगझिनमधली पुढची गोळी आत गेलेली असते. गंजलेल्या पिस्तुलाचा तर भरवसाच नाही.

ज्यांना कायद्याने बंदूक बाळगता येते, त्यांच्यासाठी बायबॅकचा दिवस साधा असतो. बंदूक रिकामी करून डिकीत, गोळ्या वेगळ्या. रांगेत गाडीतच बसून राहायचं, बंदूक पोलीसच काढून घेतात. नाव विचारत नाहीत, पण सिरियल नंबर सहसा तपासतात. चोरीची निघाली तर मूळ मालकाकडे जाऊ शकते, गुन्ह्यातली निघाली तर पुरावा होते. 'नो क्वेश्चन्स आस्क्ड' म्हणजे खुनाला माफी नव्हे. छर्‍याच्या खेळण्यांना बहुतेक ठिकाणी दमडी मिळत नाही.

भाव शहरागणिक वेगळे. न्यू जर्सीत 2017 साली नेवार्क, कॅम्डन आणि ट्रेंटनमध्ये रायफल-शॉटगनला 100 डॉलर, पिस्तुलाला 120, असॉल्ट रायफलला 200 असा दर होता. जवळपास 4,800 बंदुका आल्या. दर चुकला की लोक बरोबर फट शोधतात. बाल्टिमोरने 2018 मध्ये मोठ्या मॅगझिनला 25 डॉलर लावले, तर नवं मॅगझिन त्याहून स्वस्त मिळत होतं! 2022 मध्ये न्यूयॉर्क राज्यात युटिका इथे एकाने थ्री-डी प्रिंटरवर बंदुकीचे सुटे भाग छापून 21,000 डॉलरची गिफ्ट कार्डं नेली. त्यानंतर नियम बदलावे लागले.

गुन्हे कमी होतात का? 1991 ते 2015 मधल्या शहरी बायबॅकच्या अभ्यासात तसा पुरावा सापडला नाही, आणि मला त्यात नवल वाटत नाही. रांगेत येतात त्या बहुतेक आजोबांच्या शॉटगन. गुन्हेगारीच्या धंद्यातलं पिस्तूल शंभर डॉलरला कोण देईल? नको असलेली वस्तू घराबाहेर काढायला मात्र सोय चांगली. टेक्सासने तर 2025 मध्ये शहरांना आणि काउंट्यांना बायबॅक करायलाच बंदी घातली.

एक गोष्ट मात्र आधी विचारा: पिस्तूल कोणत्या बनावटीचं आहे. हार्टफर्डमध्ये 2012 साली एका बाईंनी वडिलांची दुसऱ्या महायुद्धातली जर्मन रायफल बायबॅकला आणली होती. ती हजारो डॉलरची आहे हे पोलिसांनीच ओळखलं आणि वितळवू दिली नाही. तुमच्या बाबतीत विकण्याचा प्रश्न नाही, पण ताब्यात देताना मेक, मॉडेल, सिरियल नंबर आणि तारीख लिहिलेली पावती घ्या आणि घराच्या कागदांबरोबर ठेवा.