वाचकांचे प्रश्न : अस्सल कागद, नववी-दहावीची मुलं आणि जगाचा इतिहास

प्रश्न : वर्गात ६२ मुलं, तास ३५ मिनिटांचा. पहिलं महायुद्ध शिकवताना वर्सायच्या तहातला उतारा वाचायला दिला. पुढच्या बाकांवरची चार मुलं बोलली, बाकीच्यांचं एकच, 'सर, उत्तर लिहून द्या.' कुठे चुकलं?
— माध्यमिक शिक्षक, सिन्नर

उतारा लांब असणार आणि प्रश्न 'यावरून काय समजते?' असा असणार. अशा प्रश्नाचं उत्तर गाइडात असतं हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, मग ती कागदाकडे बघतील कशाला?

उतारा मराठीत, ८० ते १०० शब्दांचा ठेवा. अर्ध्या ए-फोर कागदावर मोठ्या टायपात छापा आणि प्रत्येक ओळीला क्रमांक द्या. एका बाकाला एक प्रत, म्हणजे ३१ प्रती पुरतात. आता खरी गंमत. १६ बाकांना तहाचं फक्त कलम २३१ द्या. युद्धात दोस्त राष्ट्रांचं जे सगळं नुकसान झालं त्याची जबाबदारी जर्मनी आणि तिच्या साथीदारांची, आणि जर्मनीला हे मान्य आहे, असं ते कलम सांगतं. उरलेल्या १५ बाकांना २३१ आणि २३२ ही दोन्ही कलमं द्या. २३२ मध्ये दोस्त राष्ट्रं स्वतःच कबूल करतात की एवढी सगळी भरपाई करण्याइतकी जर्मनीची ऐपत नाही. ती मागतात ती नागरिकांच्या आणि त्यांच्या मालमत्तेच्या नुकसानीची भरपाई. दोघांकडे वेगवेगळे कागद आहेत हे मात्र आधी सांगू नका.

पहिली पाच मिनिटं मजकूर वाचायचाच नाही. कोणी लिहिलं, कधी (२८ जून १९१९), सही कोणाकोणाची, एवढंच. पुढची दहा मिनिटं जोडीनं वाचन आणि एकच प्रश्न : 'जर्मनीनं नक्की कशाचे पैसे द्यायचे? ओळ क्रमांक लिहा.' अर्धा वर्ग 'सगळ्याचे' म्हणतो, अर्धा 'सगळ्याचे नाही' म्हणतो, आणि मागच्या बाकावरची मुलंसुद्धा भांडायला उठतात. भांडण दहा मिनिटं चालू द्या, मग कागदांची अदलाबदल करा. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकानं वहीत चारच ओळी लिहायच्या. फळ्यावर तुम्ही काही लिहायचं नाही. लिहिलंत तर सगळी मेहनत वाया जाते.

प्रश्न : १९२३ सालच्या जर्मन नोटेचं चित्र दाखवलं. मुलं खूश झाली, पण उत्तरपत्रिकेत सगळ्यांनी लिहिलं, 'महागाईमुळे हिटलर सत्तेवर आला.' साधन चुकीचं निवडलं का?
— इतिहास शिक्षिका, नाशिकरोड

साधन उत्तम आहे. त्यातही १५ डिसेंबर १९२२ ही तारीख असलेली १,००० मार्कची नोट निवडा, जिच्यावर पुढच्या वर्षी लाल शाईत 'एक मिलिआर्ड मार्क' असा आडवा शिक्का छापला. एक मिलिआर्ड म्हणजे १०० कोटी. नवी नोट छापायलाही सवड नव्हती, जुन्याच नोटेवर नवी किंमत. प्रत रंगीतच काढा. काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये लाल शिक्का नक्षीत बुडतो आणि बघण्यासारखं काही उरत नाही. नाशिकरोडच्या प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात, त्यामुळे तुमच्या वर्गातल्या एखाद्या घरी छपाईची जाण असलेलं माणूस सापडेलच. नोटेवर दुबार छपाई करण्याची पाळी कधी येते, हा प्रश्न मुलांनी घरी विचारून यावा.

चूक होते ती एकच साधन दाखवून थांबल्यामुळे. नोट १९२३ ची आणि हिटलर चान्सेलर झाला ३० जानेवारी १९३३ ला. मधली दहा वर्षं मुलं गिळून टाकतात. त्यासाठी पाच चिठ्ठ्या करा. जानेवारी १९२३ : फ्रान्स-बेल्जियमचं सैन्य रूर या जर्मनीच्या कारखानदारीच्या भागात शिरतं, जर्मन सरकार तिथल्या संपकऱ्यांना पैसे छापून पोसतं. नोव्हेंबर १९२३ : एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क, आणि त्याच महिन्यात रेंटनमार्क हे नवं चलन. मे १९२८ : निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मतं. ऑक्टोबर १९२९ : न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळतो. जुलै १९३२ : नाझींना ३७.३ टक्के मतं. चिठ्ठ्या पिसून द्या, क्रमानं लावायला सांगा आणि विचारा, 'महागाई संपल्यावर पाच वर्षांनी यांना इतकी कमी मतं कशी?' १९३० ते ३२ मध्ये जर्मनीत किमती उलट उतरत होत्या, लाखो लोक बेकार होते, हे त्यानंतर सांगा. आधी सांगितलंत तर ते पाठांतरात जमा होतं.

प्रश्न : जगाचा इतिहास म्हटलं की सगळे कागद परदेशातले. मुलांना ते लांबचे वाटतात. पांडवलेण्यांचा यात काही उपयोग होईल का?
— दहावीतल्या मुलीचे पालक, गंगापूर रोड

होईल, आणि चांगलाच. १० क्रमांकाच्या लेण्यात, म्हणजे क्षत्रप राजा नहपान याच्या विहारात, त्याचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातल्या एकात तो ३,००० कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनातल्या, म्हणजे नाशिकजवळच्या जुन्या गावातल्या, विणकरांच्या श्रेणींकडे (व्यावसायिक संघांकडे) ठेवतो : २,००० दरमहा शेकडा १ या व्याजानं, १,००० दरमहा शेकडा पाऊण या व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. बँकेतल्या एफडीत मुद्दल परत मिळतं, हे त्यापेक्षा कायमच्या निधीसारखं म्हणा. पहिल्या रकमेच्या व्याजातून पावसाळ्यात लेण्यात मुक्काम (वर्षावास) करणाऱ्या २० भिक्षूंना कपड्यांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण मिळायचे.

हे वाचून दाखवू नका, हिशेब करायला लावा. २,००० वर शेकडा १, म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू गुणिले १२, तेही २४०. ताळा जुळल्यावर दगडावरची अक्षरं कुणाच्या तरी हिशेबाची वही वाटू लागतात. मग पुढचा प्रश्न : हा व्यवहार निगमसभेत (नगराच्या सभेत) ऐकवून फलकावर, म्हणजे नोंदीच्या पाटीवर, नोंदवला, असं लेखच सांगतो. म्हणजे भिंतीवरचा मजकूर मूळ दस्त की नक्कल?

याच्या जोडीला 'पेरिप्लस' घ्या. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं लिहिलेलं ते समुद्रप्रवासाचं टिपण आहे. गुजरातमधल्या भडोचच्या बंदरात इटलीची दारू, तांबं, पोवळं येतं. सोन्या-चांदीची नाणी स्थानिक चलनात बदलून नफा होतो. पैठण भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांवर. तगरहून, म्हणजे आजच्या तेरहून, कापड गाड्यांतून भडोचला येतं. त्यात आलेलं राजाचं नाव बहुतेक अभ्यासक नहपानाशी जुळवतात.

नेमक्या इथे मुलं घसरतात, आणि मोठी माणसंही. 'गोवर्धनाचे विणकर रोमला कापड विकत होते,' असं लगेच लिहिलं जातं. लेखात रोमचा उल्लेख नाही, आणि पेरिप्लस कापड तगरचं सांगतं, गोवर्धनाचं नाही. मुलीला तीन रकाने आखून द्या : 'लेख म्हणतो', 'पेरिप्लस म्हणतं', 'आपण जोडतो'. तिसऱ्या रकान्यातलं प्रत्येक वाक्य 'शक्य आहे की' नं सुरू व्हायला हवं.

प्रत्यक्ष जाणार असाल तर लेखाचं भाषांतर छापून न्या. ते 'एपिग्राफिया इंडिका'च्या आठव्या खंडात आहे. ब्राह्मी अक्षरं समोरून उजेड टाकला की सपाट दिसतात. मोबाइलचा टॉर्च भिंतीच्या कडेनं आडवा धरा, सावली पडून खाच उठते. फोटो नीट यावा म्हणून अक्षरांवर खडू किंवा पाणी लावायचं नाही, बोटही फिरवू द्यायचं नाही. त्याच दिवशी वेळ उरला तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेकडे वळता येईल, मात्र आधी फोन करून. जोगलटेंभीला १९०६ मध्ये नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला छाप पुन्हा मारलेला आहे. जर्मन नोटेवरच्या लाल शिक्क्याशेजारी असं एक नाणं ठेवा आणि दोघांनी जुन्या चलनावर छाप का मारला, एवढंच विचारा. कारणं अगदी वेगळी निघतात.

प्रश्न : पहिल्या महायुद्धातल्या भारतीय शिपायांची पत्रं वर्गात वाचावीत का? मुलं भावुक होतात.
— शिक्षिका, देवळाली कॅम्प

वाचावीत, पण पत्र आपल्यापर्यंत कुणाकुणाच्या हातून आलं ते आधी फळ्यावर मांडा. शिपाई सांगतो, बरेचदा दुसराच कुणीतरी लिहून देतो, सेन्सॉर वाचतो, त्याला महत्त्वाचा वाटलेला तुकडा इंग्रजीत उतरवतो. आपल्या हाती बहुधा तो तुकडाच येतो. शिपायांनाही सेन्सॉर माहीत होता, म्हणून भारतीय पलटणींना काळी मिरी आणि गोऱ्यांना लाल मिरची म्हणायची युक्ती निघाली. असं एक पत्र देऊन 'मिरी संपली हे सेन्सॉरनं का जाऊ दिलं नसेल?' असं विचारा. डोळे पुसण्याऐवजी मुलं डोकं चालवतील.

एक पथ्य मात्र पाळा. ही पत्रं मुख्यतः फ्रान्समधली आणि बहुतांशी पंजाब-सरहद्दीकडच्या शिपायांची आहेत. मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या तिन्ही पलटणी तिथल्या कुत गावाच्या वेढ्यात अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. पंजाबी शिपायाचं पत्र 'आपल्या मराठा जवानाचं' म्हणून वाचू नये.

प्रश्न : इंग्रजी साधनांची भाषांतरं मशीनकडून करून घेतली तर चालेल?
— बी.एड. विद्यार्थिनी, पंचवटी

कच्चा खर्डा म्हणून चालेल. तहातली आठ-आठ ओळींची वाक्यं मशीन तोडतं तेव्हा कर्ता बदलतो किंवा नकार गळतो, तेवढं मुळाशी ताडून बघा. मूळ मजकूर येल विद्यापीठाच्या 'अॅव्हलॉन प्रोजेक्ट'वर मोफत मिळतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारी नेत्यांची वचनं मात्र तारीख, ठिकाण आणि मूळ कागद सापडेपर्यंत वर्गात आणायची नाहीत.

प्रश्न : अशा साधन-वाचनाला गुण कसे द्यायचे?
— मुख्याध्यापक, ओझर

पाच गुण ठेवा. कोणी, कधी, कुणासाठी लिहिलं : १. ओळ क्रमांक देऊन उत्तर : २. हा कागद काय सांगत नाही : २. शेवटचे दोन गुण पहिल्या महिन्यात फार थोड्यांना मिळतील, तरी ते कमी करू नका.