'बसवराज'मधला बसव

सोलापूरच्या एका आजींनी विचारले आहे, "नातवाचे नाव बसवराज ठेवले. पुण्याच्या विहीणबाई म्हणतात की हे 'बसवणे'वरून आले आहे, राज्याची घडी बसवतो तो बसवराज. हे खरे आहे का?"

मुळीच नाही. 'बसणे' संस्कृत 'उपविश्'पासून आले आहे आणि त्याचा या नावाशी काडीचा संबंध नाही. तरीही हा अर्थ मी वर्षानुवर्षे बारशांत ऐकत आलो आहे, आणि नावांच्या पुस्तिकांत तर त्याच्या जोडीला 'वसू म्हणजे धन, त्याचा राजा' असेही छापलेले असते. कानाला जुळले म्हणून व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

बसव म्हणजे बैल, महादेवाचा नंदी. मूळ शब्द 'वृषभ'. प्राकृतात त्यातल्या ऋकाराचा अ, षकाराचा स आणि भकाराचा ह होऊन 'वसह' झाले, आणि कन्नडमध्ये आरंभीच्या वकाराचा ब होत असल्यामुळे पुढे 'बसव' झाले. 'वर्ण'चे 'बण्ण' आणि 'वन'चे 'बन' असेच झाले. आपल्याकडे अनेकांची कुलदेवता असलेली बदामीची बनशंकरी म्हणजे वनातलीच शंकरी. मला सर्वांत आनंद होतो तो याचा, की तुलसीदासांच्या अवधीत शिवाच्या वाहनाला 'बसह' म्हटले आहे. शेकडो कोस दूरच्या दोन भाषांनी एकाच बैलाला जवळजवळ एकाच नावाने हाक मारावी, याहून सुंदर पुरावा कोणता हवा?

मराठीही मागे नाही. देवाच्या नावाने मोकळ्या सोडलेल्या पोळाला जुने लोक 'वसू' म्हणत, तोही वृषभाचाच वंशज. पुस्तिकाकारांनी 'वसू' गाठला खरा, पण धनाचा. बैलाचा वसू त्यांना दिसलाच नाही. बैलाच्या खांद्यावरच्या 'वशिंडा'तला 'वश'देखील वृषाचाच आहे, असे माझे ठाम मत आहे. काही जाणकारांना ते मान्य नसले, तरी बैलाच्याच अंगावरच्या शब्दाचे मूळ दूर कुठेतरी शोधत बसण्याचे कारण मला पटलेले नाही.

'बसवण्णा'मधला 'अण्णा' म्हणजे थोरला भाऊ. बाराव्या शतकातल्या महात्मा बसवेश्वरांना लोक याच प्रेमाने हाक मारत, आणि त्यांचे वास्तव्य ज्या मंगळवेढ्यात होते ते आपल्याच जिल्ह्यात आहे. सोलापुरात घरोघरी बसप्पा, बसण्णा, बसव्वा सापडतात ते उगीच नव्हे. मराठी दारात नंदीबैल मान डोलावतो, त्यालाच कन्नड दारात 'कोले बसव' म्हणतात. कारहुणवीला, म्हणजे ज्येष्ठ पौर्णिमेच्या बैलांच्या सणाला, शिंगे रंगवून आणि पाठीवर झूल टाकून मिरवत नेलेला बैल ज्याने जवळून पाहिला आहे, त्याला या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही.

हल्ली 'बसवराज' जुनाट वाटते म्हणून मुलाचे नाव 'ऋषभ' ठेवणारी कुटुंबे मला भेटतात. ऋषभ म्हणजेही बैलच.