ब्रायन मेसारखं वाजवायचंय? मग आधी एवढं करा

क्वीन या ब्रिटिश रॉक बँडची गाणी वाजवायची म्हणून गिटार घेतलीत, फार बरं वाटलं. १९४७ साली जन्मलेले बँडचे गिटारवादक ब्रायन मे, गायक फ्रेडी मर्क्युरी १९९१ मध्ये गेल्यानंतरही थांबले नाहीत. पुढे गायक अ‍ॅडम लॅम्बर्टला सोबत घेऊन त्यांनी तीच गाणी स्टेजवर नेली.

नवशिके पहिली चूक करतात ती पेडल्स (गिटारचा आवाज बदलणारी, पायाने चालवायची उपकरणं) विकत घेण्याची. मे यांनी तर वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनवली, तिच्या मानेला जुन्या फायरप्लेसचं लाकूड! आत्ता आहे ती गिटार पुरेशी आहे. फक्त दर वेळी ट्यून करून बसा.

खरी मेहनत बेंडवर, म्हणजे तार ढकलून स्वर चढवण्यावर घ्या. तिसऱ्या तारेचा नववा फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांमधलं नववं घर) वाजवून स्वर कानात साठवा. मग सातव्या फ्रेटवर अनामिका ठेवा, मागे मधलं बोट आणि तर्जनी आधाराला, आणि तार ढकलत नेमक्या त्याच स्वरापर्यंत न्या. बहुतेक जण थोडं अलीकडेच थांबतात आणि सोलो बेसूर होतो. रोज दहा मिनिटं एवढंच करा.

- सोलो आधी गुणगुणा, मग वाजवा.
- मेट्रोनोम (ठेका देणारं यंत्र) निम्म्या वेगावर ठेवा.

गिटारचे आवाज एकावर एक रेकॉर्ड करून केलेल्या हार्मनीकडे इतक्यात वळू नका. महिन्याभराने तुमचा बेंड रेकॉर्ड करून पाठवा, मी नक्की ऐकेन.