बी.कॉम. झालंय, तरी इंटरमीडिएट अकाउंटिंगच्या पहिल्या मिडटर्मला ५८ पडले. कोर्स सोडू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बी.कॉम. भारतात झालं, लग्नानंतर एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसावर मिळणाऱ्या व्हिसावर) कॅलिफोर्नियात आलात, मध्ये आठ वर्षांचा खंड पडला. सीपीएच्या (आपल्या सीएसारख्या इथल्या पात्रतेच्या) युनिट्स, म्हणजे शिक्षणाचे श्रेयांक, भरायच्या म्हणून कम्युनिटी कॉलेजात इंटरमीडिएट अकाउंटिंगचा पहिला भाग घेतलात आणि पहिल्या मिडटर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या परीक्षेला, शंभरात ५८ पडले. कोर्स सोडू का, आणि अभ्यास कसा करू, हे तुम्ही विचारता. "हे सगळं मी शिकलेलंच आहे, तरी जमत नाही. मग मी कुठे कमी पडतेय?" हे वाक्य वाचलं आणि उत्तर लिहायला बसले.

सोडू नका. मला पहिल्या मिडटर्मला ५४ पडले होते. मी साताऱ्याकडची. अकरावी-बारावी मराठी माध्यमातून, बी.कॉम. शिवाजी विद्यापीठाचं, मग चार वर्षं एका करसल्लागारांकडे टॅलीवर काम आणि त्यानंतर नऊ वर्षं घरी. दोन्ही भाग पूर्ण व्हायला मला दीड वर्ष लागलं. त्यातून जे कळलं ते सांगते.

"हे सगळं शिकलेलंच आहे," असं तुम्हाला वाटतंय ना, तिथेच घोटाळा होतो. धडा उघडला की बरंचसं ओळखीचं दिसतं. घसारा तोच, बुडीत कर्जाची तरतूद तीच, मालाचं मूल्यांकन तेच. मग आपण धडा भरभर वाचतो, उदाहरण नुसतं नजरेखालून घालतो, मान डोलावतो आणि पुढे जातो. शेजारी बसलेली विशीतली मुलगी हे सगळं पहिल्यांदा बघत असते, म्हणून ती प्रत्येक ओळ सोडवते. परीक्षेत ती पुढे जाते.

ओळखीचे शब्दसुद्धा फसवतात. आपल्याकडे स्टॉक म्हणजे माल, ओपनिंग स्टॉक, क्लोजिंग स्टॉक. इथे स्टॉक म्हणजे शेअर, आणि मालाला इन्व्हेंटरी. पहिल्या क्विझमध्ये कॉमन स्टॉक मी चालू मालमत्तेत नेऊन ठेवला होता. आपण 'प्रोव्हिजन फॉर डाउटफुल डेट्स' म्हणतो, इथे त्याला 'अलाउन्स' म्हणतात. ताळेबंदात रोख रक्कम सगळ्यात वर आणि जमीन-इमारत खाली. रोजकीर्दीत मी सवयीने 'टू कॅश अकाउंट' लिहायचे आणि खाली 'बीइंग' लावून स्पष्टीकरण द्यायचे. आमच्या प्राध्यापिकेने पहिल्या गृहपाठावर 'टू' भोवती गोल काढून विचारलं होतं, "हे काय आहे?" इथे जमेची ओळ थोडी आत सरकवून लिहितात, 'टू' लागत नाही. स्वल्पविरामाचंही तसंच. एक लाख मी १,००,००० असा लिहायचे, तोही घाईत चुकायला कारण झाला. हे सगळं पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं, त्याची काळजी करू नका. पण एक कोरं पान घ्या आणि आपला शब्द डावीकडे, इथला उजवीकडे असं लिहून काढा. माझं ते पान शेवटपर्यंत वहीच्या मलपृष्ठाला चिकटवलेलं होतं.

खरा फरक शब्दांच्या खाली आहे, आणि तो मला ज्या प्रश्नाने शिकवला तो प्रश्नच सांगते. माझ्या मिडटर्ममधला आहे, तुमच्याही पेपरात याचा भाऊबंद असणार.

एका कंपनीने यंत्र विकलं. गिऱ्हाइकाने रोख काही दिलं नाही, तीन वर्षांनी १०,००० डॉलर देईन अशी नोट, म्हणजे लेखी हमी, लिहून दिली. व्याज शून्य. बाजारात अशा कर्जाचा दर ९ टक्के. नोंद करा.

मी लिहिलं: नोट्स रिसीव्हेबल नावे १०,०००, विक्री जमा १०,०००. येणारी वस्तू नावे, उत्पन्न जमा. नियमाला धरून, सुबक अक्षरात. पूर्ण चूक.

पेपर घेऊन मी ऑफिस अवर्सला, म्हणजे प्राध्यापकांना भेटायच्या ठरलेल्या वेळेत, गेले. बाईंनी नियम सांगितला नाही, एवढंच विचारलं, "तोच माणूस आज रोख पैसे घेऊन आला असता तर यंत्र कितीला दिलं असतं?" आणि मला आमच्या मामांचं खताचं दुकान आठवलं. तिथे दोन भाव असायचे. रोखीचा एक, आणि उसाचं बिल आल्यावर देणाऱ्यांचा दुसरा. उधारीच्या भावात व्याज धरलेलं असायचं, पावतीवर मात्र 'व्याज' हा शब्द कुठेच नसायचा. दुकानात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. मलाही होतं. फक्त पाच वर्षं कॉमर्स शिकताना मी ते कधी हिशेबाच्या वहीपाशी आणलं नव्हतं.

आता नोंद बघा. तीन वर्षांनंतरच्या १०,००० ची ९ टक्क्यांनी आजची किंमत ७,७२१.८३. हीच खरी विक्री. उरलेले २,२७८.१७ म्हणजे दडलेलं व्याज. ते अजून कमावलेलं नाही, म्हणून ते 'डिस्काउंट ऑन नोट्स रिसीव्हेबल' या खात्यात जमेला ठेवायचं. पहिल्या वर्षाअखेर ७,७२१.८३ वर ९ टक्के, म्हणजे ६९४.९७ व्याज उत्पन्नात घ्यायचं. नोटेची किंमत झाली ८,४१६.८०. दुसऱ्या वर्षी त्यावर ७५७.५१, किंमत ९,१७४.३१. तिसऱ्या वर्षी ८२५.६९, आणि बरोबर १०,०००. तिन्ही वर्षांचं व्याज मिळवून बघा, २,२७८.१७ येतं.

हा तक्ता मी त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर चार वेळा मांडला. चौथ्यांदा पुस्तक बंद ठेवून. शेवटच्या ओळीत १०,००० आले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की आपण हा विषय शिकतोय. याआधी आपण फक्त त्याचे नमुने पाठ केले होते. आपल्याकडच्या परीक्षेत गणिताचा प्रकार ओळखला की पुढचं हात आपोआप लिहायचा. इंटरमीडिएटमध्ये गणित दर वेळी वेगळ्या कपड्यात येतं. विक्री कधी मानायची, किती मानायची, आणि का, हे प्रत्येक वेळी नव्याने ठरवावं लागतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं एकच आहे: टाइम व्हॅल्यू ऑफ मनीचा, म्हणजे पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत काढायचा, धडा पुन्हा पहिल्यापासून करा. बहुतेक जण तो गणिताचा धडा समजून उरकतात. पण पुढचं निम्मं शिक्षण त्याच्यावर उभं आहे. दुसऱ्या भागात कर्जरोखे येतील. दर्शनी किंमत १,००,०००, रोख्याचा दर ८ टक्के, बाजाराचा १०, मुदत पाच वर्षं, व्याज सहामाही. रोखे ९२,२७८ ला विकले जातील आणि पहिल्या सहामाहीचा व्याजखर्च ४,००० नसून ४,६१३.९१ असेल. तेच यंत्र, तीच उधारी, फक्त या वेळी आपण देणेकरी. त्यानंतर लीज, म्हणजे भाडेकरार, येतात, तिथेही तेच. २०१६ साली आलेल्या एएससी ८४२ या अमेरिकी लेखामानकानंतर भाडेकराराचं देणं, अगदी अल्पमुदतीचे करार सोडले तर, सध्याच्या मूल्याने थेट ताळेबंदात घ्यावं लागतं. धडा पक्का असेल तर लीज दोन आठवड्यांत बसतं. कच्चा असेल तर रडवतं.

इन्व्हेंटरीला मात्र वेगळा वेळ द्या, कारण तिथे लिफो, म्हणजे शेवटी आलेला माल आधी विकला असं धरायची पद्धत, आहे. भारतात लेखामानक २ मध्ये लिफोला जागा नाही, आयएफआरएस या आंतरराष्ट्रीय मानकांतही नाही. त्यामुळे आपण ते इतिहासजमा झाल्यासारखं वाचलेलं असतं. इथे ते चालू आहे, आणि त्याचं कारण करात आहे. भाव चढत असताना शेवटी आलेला महाग माल आधी विकला असं धरलं की नफा कमी दिसतो आणि कर कमी बसतो. पण करासाठी लिफो घेतलं तर भागधारकांना दाखवायच्या हिशेबातही तेच घ्यावं लागतं, असा अमेरिकी करकायद्याचा नियम आहे. हे कारण कळलं की डॉलर-व्हॅल्यू लिफोची (माल नगांऐवजी डॉलरमधल्या किमतीने मोजायच्या लिफोची) किचकट गणितं निदान परकी वाटत नाहीत. पुढे ट्रेझरी स्टॉकही असंच नवं लागेल. आपल्या कंपनी कायद्यात परत घेतलेले शेअर रद्द करून टाकावे लागतात, इथे कंपनी ते स्वतःकडे ठेवू शकते आणि ते भागधारकांच्या एकूण निधीतून वजा दिसतात.

बाकी धडे, म्हणजे बँक मेळ, बुडीत कर्ज, घसाऱ्याच्या पद्धती, इथे तुमचं बी.कॉम. तुम्हाला हात देईल. तिथला वाचलेला वेळ टाइम व्हॅल्यू आणि इन्व्हेंटरी या दोन ठिकाणी घाला.

अभ्यास कसा करायचा हे विचारलं आहेत. माझी रीत सांगते. ऑनलाइन गृहपाठाच्या प्रणालीत उत्तर चुकलं की लगेच इशारा मिळतो आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. मी तशी तीन-तीन प्रयत्नांत शंभर टक्के मिळवत होते आणि परीक्षेत कोरी पडत होते. नंतर मी प्रत्येक गणित आधी दुरेघी वहीत पूर्ण सोडवायला लागले, तारखेसकट आणि नोंदीसकट, आणि मगच संगणकात भरायचं. चुकलं तर चूक खोडायची नाही. बाजूला लाल पेनाने मराठीत एक ओळ लिहायची: "व्याज दर्शनी किमतीवर काढलं, पुस्तकी किमतीवर काढायचं होतं." मराठीत लिहिल्याने मला स्वतःशी खोटं बोलता येईना. इंग्रजीत मी पुस्तकातलंच वाक्य उतरवून काढायचे आणि समजलं असं वाटायचं. नावे-जमा, ऋणको-धनको, खतावणी, तेरीज हे शब्द तुमच्याकडे आहेत, त्यांचा संकोच करू नका. डोक्यात ज्या भाषेत हिशेब बसतो त्या भाषेत बसू द्या, उत्तर इंग्रजीत लिहा.

वेळ किती लागतो? पाच युनिटचा क्वार्टरचा कोर्स म्हणजे आठवड्याला पंधरा तास धरा. डी अँझा आणि फूटहिल ही आपल्याकडच्या बऱ्याच जणी जातात ती दोन्ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची आहेत. बारा आठवडे डोळ्यांदेखत संपतात. उन्हाळ्याच्या छोट्या सत्रात हा विषय घेऊ नका. मुलं घरी, आठवडे अर्धे, धडे तेवढेच. मी दुसरा भाग तसा घेतला आणि तिसऱ्या आठवड्यात सोडावा लागला, म्हणून दीड वर्ष लागलं.

प्रीरिक्विझिटचंही, म्हणजे आधी पूर्ण करायच्या कोर्सचंही, सांगते. माझ्या बी.कॉम.च्या मूल्यांकनावर मला आधीचे दोन प्राथमिक कोर्स माफ झाले होते. समुपदेशकाने तसं सुचवलं आणि मला आनंद झाला. आज सांगेन, पाच वर्षांहून मोठा खंड असेल तर तो दुसरा प्राथमिक कोर्स तरी करावा. तुम्ही आता पुढे आला आहात, तर त्याचं पुस्तक ग्रंथालयातून आणून समायोजन नोंदींचा धडा तेवढा करा.

पैशाचं: कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात रहिवाशांना क्वार्टर युनिटला ३१ डॉलर आणि सेमिस्टर (लांब सत्राच्या) युनिटला ४६ डॉलर पडतात. म्हणजे पाच युनिटचे १५५ आणि वर किरकोळ शुल्क. अनिवासी दर याच्या कैक पट आहे. एच-४ वर शिकायला वेगळा विद्यार्थी व्हिसा लागत नाही, आणि वर्षभर राज्यात राहिल्याचे कागद दिल्यावर मला रहिवासी दर मिळाला. तुम्ही अजून अनिवासी दर भरत असाल तर ॲडमिशन कचेरीत आजच विचारा. आणि एक हिशेब: दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. सीपीएचा परवाना देणाऱ्या राज्याच्या बोर्डाचे आकडे सेमिस्टरमध्ये असतात. माझ्या एका मैत्रिणीने ४५ युनिट झाल्या म्हणून जल्लोष केला, त्या ३० भरल्या.

बोर्डाबद्दल अजून एक. काही राज्यांची बोर्डं कम्युनिटी कॉलेजातलं इंटरमीडिएट वरच्या पातळीचं धरत नाहीत. नवऱ्याची नोकरी दुसऱ्या राज्यात जाण्याची शक्यता असेल तर त्या राज्याच्या बोर्डाचा नियम आत्ताच वाचून ठेवा. परवान्यासाठी एकूण १५० युनिट लागतात, या नियमातही अलीकडे बऱ्याच राज्यांनी बदल केले आहेत, त्यामुळे मैत्रिणींच्या गटातल्या माहितीवर विसंबू नका. हे विद्यापीठात केलं असतं तर बरं, असं मात्र मनात आणू नका. आमच्या वर्गात पस्तीस जण होते, बाई प्रत्येकाला नावाने ओळखत होत्या, आणि पुढे सीपीएच्या एफएआर (वित्तीय हिशेब) या चार तासांच्या पेपराची तयारी केली तेव्हा माझ्या हाताशी त्याच दोन दुरेघी वह्या होत्या. त्या पेपराला ७५ लागतात. मला ८१ पडले.

आता तुमचं ५८. कोर्स 'डब्ल्यू' (मध्येच सोडल्याची नोंद) घेऊन सोडायची शेवटची तारीख कॉलेजच्या दिनदर्शिकेत शोधा आणि लिहून ठेवा. डब्ल्यू गुणपत्रिकेवर दिसतो, पण जीपीएत, म्हणजे गुणांच्या सरासरीत, धरत नाहीत, त्यामुळे तो दरवाजा त्या तारखेपर्यंत उघडा आहे. तोपर्यंत पेपर घेऊन ऑफिस अवर्सला जा. गुण वाढवून मागायला नको, चुकलेलं प्रत्येक गणित त्यांच्यासमोर कोऱ्या कागदावर सोडवून दाखवायला जा. कुठे अडता ते त्यांना पाच मिनिटांत कळेल.

आणि आज रात्री हे एक करा. २०,००० ची बिनव्याजी नोट, पाच वर्षांनी येणार, बाजारदर ८ टक्के. विक्रीची नोंद आणि पाचही वर्षांचा तक्ता, पुस्तक बंद ठेवून. विक्री १३,६११.६६ यायला हवी, पहिल्या वर्षाचं व्याज १,०८८.९३ आणि पाचव्या वर्षाचं १,४८१.४८. एखादा सेंट इकडेतिकडे झाला तर चालेल. जिथे अडाल ती ओळ खाली प्रतिक्रियेत लिहा, मी बघते.