हुदैबियाचा तह आणि इयर टेनचा वर्ग

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी मूळची पुण्याची, ९ वर्षं इंग्लंडमध्ये आहे आणि शाळेत इतिहास शिकवते. आमच्या आरईच्या (धर्मशिक्षणाच्या) शिक्षिका वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या आणि जीसीएसई या शालान्त परीक्षेचा एक इयर टेनचा (१४-१५ वर्षांच्या मुलांचा) वर्ग माझ्याकडे आला. इस्लामच्या श्रद्धा आणि ‘धर्म, शांतता आणि संघर्ष’ हे दोन भाग मला घ्यायचे आहेत. वर्गात २८ मुलं, त्यातली ५ मुस्लिम. पहिल्याच तासाला एकाने विचारलं, ‘‘मिस, जिहाद म्हणजे बॉम्ब ना?’’ मी घाबरून ‘इस्लाम म्हणजे शांती’ एवढं सांगितलं आणि पुढे सरकले. मागच्या बाकावरची एक मुस्लिम मुलगी माझ्याकडे बघत राहिली. तिला बरं वाटलं की वाईट, मला कळलं नाही. मी हिंदू घरातली. हे शिकवायचा मला अधिकार आहे का? आणि सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, वेस्ट मिडलंड्स

उत्तर : ताई, अधिकाराचं आधी मिटवून टाकू. मी रत्नागिरीकडची, खाडीकाठच्या गावातली. आई कुराण अरबीत पढायची आणि अर्थ आम्हाला कोकणीत सांगायची. पुढे इथल्या सरकारी शाळांत मी २७ वर्षं आरई शिकवलं. त्यात ख्रिस्ती धर्म शिकवला, बौद्ध शिकवला, हिंदू धर्मही शिकवला. तुम्ही ख्रिस्ती आहात का, असं मला एकाही मुख्याध्यापकांनी विचारलं नाही. इथला हा तास कुणाला मुस्लिम करण्यासाठी नसतो आणि कुणाचा ईमान, म्हणजे श्रद्धा, तपासण्यासाठीही नसतो. ‘मुस्लिम असं मानतात’ या वाक्यापाशी तुम्ही प्रामाणिक राहिलात की झालं. फक्त त्याच्या आधी ‘बरेच’ हा शब्द लावायची सवय करा. सुन्नी मुलं सहा श्रद्धा मोजतात, शिया मुलं धर्माची पाच मुळं मोजतात, आणि त्या पाचांत ‘अद्ल’ म्हणजे न्याय हे एक मूळच आहे. पूर्व आफ्रिकेतून आलेल्या खोजा शिया घरांतली मुलं माझ्या वर्गात असायची. पुस्तकात फक्त सहा श्रद्धा वाचल्यावर त्यांचे चेहरे कसे होतात, ते मी पाहिलंय.

सुरुवात श्रद्धेपासूनच करा. युद्धाचा भाग नंतर. तौहीद (अल्लाह एकच), फरिश्ते (देवदूत), आसमानी किताबें (अल्लाहने पाठवलेले ग्रंथ), पैगंबर, आखिरत (मरणानंतरचं जीवन), तकदीर (अल्लाहने ठरवलेलं), या क्रमात निदान चार-पाच तास जाऊ द्या. मरणानंतर प्रत्येक कृत्याचा जबाब एका अल्लाहपुढे द्यायचा आहे, हे मुलांना नीट समजलं तर हातात तलवार असलेल्या माणसालाही नियम का पाळावे लागतात, हे वेगळं समजवावं लागत नाही. आखिरत न शिकवता थेट युद्धाच्या अटी शिकवल्या तर त्या शाळेच्या नियमावलीसारख्या वाटतात.

आता ‘इस्लाम म्हणजे शांती’. तुमचा हेतू चांगला होता, पण हे अर्धं आहे. ‘सलाम’ म्हणजे शांती. ‘इस्लाम’ म्हणजे अल्लाहच्या इच्छेपुढे स्वतःला सोपवणं. दोन्ही शब्द स-ल-म या एकाच धातूतून येतात, अर्थ मात्र वेगळे. तो बॉम्बवाला मुलगा त्याच संध्याकाळी फोनवर शोधेल, त्याला कुराणातल्या सूरह तौबा या अध्यायाची पाचवी आयत, ‘अनेकेश्वरवाद्यांना सापडतील तिथे मारा’ असं सांगणारी, सापडेल आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या शब्दाला किंमत उरणार नाही. म्हणून ती आयत तुम्हीच वर्गात आणा, पण एकटी आणू नका. चौथ्या आयतीत करार पाळणाऱ्यांशी करार पुरा करा असं आहे. पाचवी आहे करार मोडून लढणाऱ्यांबद्दल. सहावीत म्हटलंय की त्यांच्यातल्या कुणी आसरा मागितला तर द्या आणि त्याला सुरक्षित ठिकाणी पोचवा. तिन्ही एका कागदावर छापून द्या. ‘एकाचा खून म्हणजे सगळ्या माणसांचा खून’ ही सूरह माइदामधली ३२वी आयतही अशीच पूर्ण द्या. ती बनी इस्राईलला (इस्राईलच्या वंशजांना) उद्देशून आहे आणि तिच्यात खुनाचा, पृथ्वीवर फसाद (अनर्थ) माजवण्याचा अपवाद आहे. आपल्या बाजूची वाटते म्हणून तीही अर्धी वाचू नये.

बहुतेक मुस्लिम परंपरेत लढाईला परवानगी आहे, हे मुलांना स्पष्ट सांगा. त्या परवानगीला अटी आहेत, हेही तितकंच स्पष्ट सांगा. तुमच्याशी लढतात त्यांच्याशी लढा, पण मर्यादा ओलांडू नका, हे सूरह बकरामध्ये आहे. पहिले खलिफा अबू बक्र यांनी निघालेल्या फौजेला बजावलं होतं : बायका, मुलं, म्हातारे यांना मारू नका, फळझाडं तोडू नका. फळझाडांपाशी थांबा. ‘झाडांचं काय एवढं?’ असं कुणीतरी विचारतंच. त्याला सांगा, झाड तोडलं की लढाई संपल्यावरही गाव उपाशीच राहतं.

जिहाद म्हणजे अल्लाहच्या वाटेवर झटणं. मोठा जिहाद स्वतःच्या नफ्सशी, म्हणजे मनातल्या वासनांशी, आणि छोटा शस्त्राचा, हे परीक्षेत हवंच, शिकवा. फक्त ज्या हदीसवर (पैगंबरांच्या नावे सांगितलेल्या वचनावर) ही विभागणी उभी आहे तिची सनद, म्हणजे ती सांगत आलेल्यांची साखळी, हदीसचे अनेक जाणकार कमजोर मानतात, हे तुम्हाला माहीत असू द्या. वर्गातला एखादा मदरशात जाणारा मुलगा ते बोलून दाखवेल, तेव्हा गडबडू नका. जुलमी राज्यकर्त्यासमोर न्यायाची गोष्ट बोलणं हा श्रेष्ठ जिहाद, ही हदीस त्याच्या जोडीला ठेवा.

एक पूर्ण तास हुदैबियाला, मक्केजवळ झालेल्या त्या तहाला, द्या, ताई. बाकी काही कापावं लागलं तरी चालेल. साल ६२८. पैगंबरांसोबत सुमारे १४०० माणसं मक्केला उमऱ्यासाठी (छोट्या यात्रेसाठी) निघालेली, मक्केच्या कुरैश टोळीने वाटेत अडवलेली. तह लिहायला बसले. लेखणी पैगंबरांचे जावई अली यांच्या हातात. त्यांनी ‘अल्लाहचे रसूल (प्रेषित) मुहम्मद’ असं लिहिलं. कुरैशांचा माणूस सुहैल म्हणाला, रसूल मानलं असतं तर तुम्हाला अडवलंच कशाला असतं? वडिलांचं नाव लिहा. पैगंबरांनी ते शब्द खोडायला सांगितले. अली म्हणाले, माझ्याने होणार नाही. तेव्हा पैगंबरांनी ते कुठे लिहिलेत विचारलं आणि स्वतःच्या हाताने पुसले. वर अटी अशा की त्या वर्षी उमरा न करताच परत फिरायचं, मक्केहून पळून आलेल्याला परत पाठवायचं. सुहैलचाच मुलगा अबू जंदल तेवढ्यात साखळदंडांसकट मुस्लिमांकडे येऊन पोचला. त्यालाही परत जावं लागलं. पैगंबरांचे सहकारी उमर संतापाने पेटले होते. हा भाग गाळू नका. शांततेची किंमत त्या मुलाने भरली, आणि ‘हे बरोबर झालं का?’ यावर तुमचा वर्ग घंटा होईपर्यंत भांडेल. भांडू द्या.

एकदा मी ते शब्द फळ्यावर लिहिले आणि म्हटलं, कोण येऊन पुसेल? हात वर झाले. पुढच्या रांगेतल्या एका मुलीला मी डस्टर दिलं. ती फळ्यापर्यंत गेली, उभी राहिली, मग डस्टर कठड्यावर ठेवून म्हणाली, ‘‘सॉरी मिस, आय कान्ट.’’ अलींची गोष्ट मी अजून सांगितलीच नव्हती. सांगितली तेव्हा वर्गात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. त्यानंतर मी कुणाला पुसायला सांगितलं नाही. एखाद्या मुलावर तो भार टाकणं बरं नव्हे.

यावरून माझी एक चूक सांगते. ८ जुलै २००५, लंडनच्या बॉम्बस्फोटांचा दुसरा दिवस. सगळा वर्ग एका मुलाकडे वळून बघत होता. त्याला बोलायची संधी द्यावी म्हणून मी विचारलं, ‘‘तुझा धर्म याबद्दल काय सांगतो?’’ चौदा वर्षांचं पोर. ‘‘आय डोन्ट नो, मिस,’’ एवढंच म्हणाला, आणि माझ्या तासाला त्याने पुन्हा कधी हात वर केला नाही. मी त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. मी स्वतः मुस्लिम असून केलं. तुमच्या पाचही मुलांना यातून वाचवा. त्यांना बोलायचं असेल तर ती आपणहून बोलतील.

परीक्षेचं थोडक्यात. एक्यूए या परीक्षा मंडळाचा पेपर असेल तर बारा गुणांच्या प्रश्नात एक विधान देतात आणि दोन्ही बाजू मांडून निष्कर्ष मागतात. मुलं अहिंसेसाठी फक्त क्वेकर (युद्धाला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ) लिहितात आणि युद्धासाठी फक्त इस्लाम. ही वाटणी मोडा. ख्रिस्ती परंपरेतला न्याय्य युद्धाचा विचार मध्ययुगीन विचारवंत थॉमस अक्वायनसकडून आणा. आणि अहिंसेसाठी खान अब्दुल गफारखानांना आणा. त्यांचे अहिंसक स्वयंसेवक, खुदाई खिदमतगार, पठाण होते. २३ एप्रिल १९३० ला पेशावरच्या किस्साख्वानी बाजारात गोळ्या झेलूनही ते निःशस्त्र राहिले, आणि तिथेच ब्रिटिश फौजेतल्या गढवाली शिपायांनी त्यांच्यावर गोळी चालवायला नकार दिला. गफारखान हे बळ इस्लाममधूनच घेत होते, सब्र, म्हणजे धीर, हा त्यांचा शब्द होता. तुम्ही इतिहासाच्या आहात, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं रंगवाल.

पुढच्या तासाला आधी त्या बॉम्बवाल्या मुलाकडे परत जा. मागच्या वेळी मी घाईत उत्तर दिलं, आज नीट देते, असं सगळ्यांसमोर म्हणा. मागच्या बाकाकडे मुद्दाम बघू नका. ती मुलगी ऐकत असेलच.