कर्ता पुरुष, कर्ती बाई

बाळा,

परवा कोर्टातून निघताना तू विचारलंस, "सर, पुरुषसत्ता म्हणजे नेमकं काय? आमच्या घरात तर बायकांवर कुणी आवाजसुद्धा चढवत नाही." तेवढ्यात रिक्षा आली आणि उत्तर राहिलं.

आवाज चढवायची वेळच येत नाही, तिथं ती चांगली मुरलेली असते. आपली भाषाच बघ. 'कर्ता पुरुष' म्हटलं की व्यवहार ज्याच्या हातात तो, मग दिवसभर पारावर बसलेला का असेना. आणि 'कर्ती बाई' म्हणजे राबणारी.

शहराच्या पूर्व भागातली एक विडी कामगार माझी अशील होती. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं नि तंबाखू. माझ्याशी बोलतानाही बोटं चालूच. दिवसाला हजार विड्या वळायची, त्यावर घर चालायचं. विचारलं, घर कुणाच्या नावावर? म्हणाली, "मालकांच्या." नवऱ्याला आपल्याकडे मालक म्हणतात हे मला जन्मापासून ठाऊक, त्या दिवशी तो शब्द पहिल्यांदा वकिलाच्या कानानं ऐकला.

कायद्याचं म्हणशील तर मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आपल्या राज्यात १९९४ ला आला, पण आधी लग्न झालेल्या त्यातून वगळल्या होत्या. २००५ ला देशभर सगळ्यांना मिळाला. वडील त्याआधी वारले असले तरी हक्क बुडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० ला सांगितलं. हे तुला पाठ आहेच. पण पक्षकार आपल्याकडे कशासाठी येतात? हक्कसोडपत्रासाठी, म्हणजे बहिणीनं आपला वाटा भावाला सोडला असा कागद करायला.

आता माझं ऐक. वडील २००६ ला गेले, आई आधीच गेलेली. आठ एकर ज्वारीची जमीन, वारस मी आणि अक्का. चार एकर तिचे, हे मला तोंडपाठ होतं. तरी हक्कसोडाचा मसुदा मीच लिहिला. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसात अक्कानं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि विचारलं, "कुठं करू रे सही?" एवढंच. मी बोट ठेवलं तिथं तिनं केली. मी तिला दमदाटी केली नाही, फसवलंही नाही. फक्त 'चार एकर' हा शब्द उच्चारला नाही. येताना इरकल घेऊन दिली, ती खूश झाली, आणि मला वाटलं मी चांगला भाऊ आहे. त्या साडीचं आजही वाईट वाटतं, सहीपेक्षा जास्त.

बहिणी राजीखुशीनं सोडतात, असं भाऊ सांगतील. काही खरंच सोडतात. माहेरचं दार बंद होऊ नये म्हणून सोडणाऱ्याही तशाच हसत सही करतात.

सोमवारी ते दोघं भाऊ तिघी बहिणींना घेऊन येतील. भावांना खाली चहाला पाठव. प्रत्येकीच्या वाट्याला किती गुंठे येतात ते कागदावर मांडून दाखव, दर काय चाललाय तेही सांग. मसुद्याला हात त्यानंतर लाव.

तुझा,
सर