फोररनर 255 तीन वर्षं वापरतोय, आता 265 घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की गार्मिनचं पळण्याचं घड्याळ, साधं फोररनर 255 (म्युझिक नसलेलं), तीन वर्षं हातात आहे, नीट चालतंय, जानेवारीत मुंबईला पहिली फुल मॅरेथॉन आहे, टार्गेट साडेचार तास, आणि ग्रुपमधले सगळे 265 घेतायत, वर सेल पण लागलाय म्हणून मन चाळवलंय. थेट सांगतो, तुमच्या जागी मी नाही घेणार, निदान जानेवारीपर्यंत तरी नाहीच. का ते जरा सविस्तर लिहितो, कारण ही दोन्ही घड्याळं आमच्या घरात आहेत, माझ्याकडे 255 आणि बायकोकडे 265, रविवारचा लाँग रन आम्ही बरोबर पळतो आणि मग घरी येऊन चहा उकळेपर्यंत दोघांचे ग्राफ शेजारी शेजारी ठेवून बघतो.

255 आलं जून 2022 ला आणि 265 मार्च 2023 ला, म्हणजे मधे नऊच महिने. एवढ्यात आतलं फारसं बदललेलं नाही. मनगटावर हार्ट रेट घेणारा सेन्सर दोन्हींत तोच, चौथ्या पिढीचा. मल्टी-बँड जीपीएस (सॅटेलाइटचे एकाहून जास्त फ्रिक्वेन्सीचे सिग्नल घेणारं) दोन्हींत आहे, चढ-उतार मोजणारा बॅरोमीटर दोन्हींत आहे. त्यामुळे पुण्यातला पाषाणचा रस्ता असो की विद्यापीठातल्या झाडांखालची वाट, आमच्या दोघांच्या मॅपवरच्या रेषा जवळपास एकमेकींवर बसतात. अचूकतेसाठी म्हणून 265 घ्यायचा विचार असेल तर तो विषय इथंच संपला.

खरा फरक स्क्रीनचा. 265 ला अमोलेड आहे, 416 बाय 416 पिक्सेल आणि टच, आपल्या 255 ला ती जुन्या पद्धतीची 260 बाय 260 वाली, उन्हात लाइटशिवाय छान दिसणारी. लोक म्हणतात पळणाऱ्याला ही उन्हात दिसणारी स्क्रीनच बेस्ट, पण मला हे आपल्याकडच्या पळणाऱ्यांसाठी अर्धंच खरं वाटतं, कारण आपण पळतो कधी? पहाटे पाचला, अंधारात. मुंबईची फुल पण अंधारातच सुटते. तेव्हा अमोलेडवर आकडे खरंच ठळक दिसतात आणि चाळिशी लागली असेल तर फार सुख वाटतं, बायकोने तेवढ्यासाठीच घेतलंय आणि तिचं अजिबात चुकलेलं नाही. पण 255 वर पण सेटिंगमध्ये जाऊन मनगट वळवल्यावर लाइट लागेल असं करता येतं, सूर्यास्तानंतरच लागू दे असंही ठेवता येतं, आणि डेटा स्क्रीनवर चार फील्डच्या ऐवजी दोनच ठेवली की आकडे मोठे होतात. हे आज रात्री करून बघा आधी, पैसे लागत नाहीत.

बॅटरीत मात्र नवीन मॉडेल खाली आलंय हे दुकानदार स्वतःहून सांगणार नाही. नुसत्या जीपीएसवर 255 चे कंपनीने दिलेले तास 30 आहेत, 265 चे 20. सगळे सॅटेलाइट अधिक मल्टी-बँड लावलं तर 16 आणि 14. साडेचार तासांच्या मॅरेथॉनला दोन्ही भरपूर झाले. पण पुढे कधी कॉम्रेड्सचं डोक्यात आलं (दक्षिण आफ्रिकेतली साधारण 90 किलोमीटरची रेस, आपल्याकडून बरेच जण जातात तिकडे, कटऑफ 12 तासांचा आहे) तर तीन-चार वर्षं वापरलेल्या बॅटरीवर हे दोन तास महत्त्वाचे ठरतात.

ट्रेनिंग रेडिनेसचं तुम्ही खास विचारलंय, तो सकाळी उठल्यावर शून्य ते शंभरमधला आकडा. तो 255 वर नाही, 265 वर आहे, बरोबर. पण तो आकडा बनतो कशातून ते बघा, कालची झोप, आधीच्या काही रात्रींची झोप, रिकव्हरी टाइम, एचआरव्ही (हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरातला कमी-जास्तपणा), गेल्या काही दिवसांतला ट्रेनिंगचा लोड आणि स्ट्रेस. यातलं जवळपास सगळं तुमच्या घड्याळात वेगवेगळं दिसतंच. सकाळचा मॉर्निंग रिपोर्ट उघडा, एचआरव्ही तुमच्या नेहमीच्या पट्ट्यात आहे का बघा, झोप कशी झाली ते तुम्हाला घड्याळापेक्षा जास्त माहितीये, आणि कालचा रन किती जड गेला ते पायांना विचारा. मी रोज हेच करतो आणि बायकोचा आकडा आणि तिचं स्वतःचं मत यात तिचं मतच जास्त वेळा बरोबर निघालंय असं तीच सांगते.

आता मुद्द्याचं. तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय की इझी रनला पण हार्ट रेट 170 च्या वर दाखवतं, त्यामुळे घड्याळ जुनं झालंय असं वाटतं. माझ्या मते तुमचा खरा प्रॉब्लेम हा आहे आणि 265 ने तो सुटणार नाही कारण सेन्सर तोच आहे. मनगटावरचं घड्याळ हिरवा लाइट टाकून कातडीखालच्या रक्ताची हालचाल बघतं. पळताना हात झुलतो त्याचीही एक लय असते, ती तुमच्या पावलांची लय, मिनिटाला 165-175 पावलं, आणि सेन्सरला बऱ्याचदा नाडीच्या ऐवजी ही लयच सापडते आणि तो तीच धरून बसतो. कुठल्याही कंपनीच्या घड्याळात हे होतं. खात्री करायला ॲपमध्ये एखादा इझी रन उघडा आणि हार्ट रेटच्या ग्राफवर केडन्सचा, म्हणजे मिनिटाला किती पावलं त्याचा, ग्राफ ठेवा. दोन्ही रेषा हातात हात घालून 170 च्या आसपास चालल्या असतील तर तुमचं हृदय ठीक आहे, घड्याळ पावलं मोजतंय. (रेषा वेगळ्या असतील आणि बोलत बोलत पळतानाही खरंच 170 येत असेल, किंवा छातीत धडधड, चक्कर असलं काही जाणवत असेल तर मात्र घड्याळाचा नाद सोडून आधी डॉक्टर.)

यावर उपाय म्हणजे आधी फुकटातला, घड्याळ मनगटाच्या हाडापासून बोटभर वर घ्या, पळताना पट्टा एक भोक घट्ट करा, आणि डिसेंबरच्या गारठ्यात पहिले दहा मिनिटं हात गरम होईपर्यंतच्या आकड्यांकडे लक्षच देऊ नका. तरी नाही जमलं तर छातीचा स्ट्रॅप घ्या. गार्मिनचा एचआरएम-ड्युअल किंवा पोलारचा एच 10, दोन्ही 255 ला जोडता येतात आणि नवीन घड्याळाच्या मानाने बऱ्याच कमीत येतात. स्ट्रॅप हृदयाचा विजेचा सिग्नल घेतो त्यामुळे इंटरव्हलमध्ये (थोडं जोरात, थोडं हळू असं पळताना) वेग वाढला की आकडाही लगेच वाढतो, मनगटावर तो मागून येतो, चारशे मीटरचा रेपिटिशन संपत आला की मग कुठे वर चढतो. लावायच्या आधी आतल्या रबरी पट्ट्या नळाच्या पाण्याने ओल्या करा, नाहीतर घाम येईपर्यंत काहीतरी भलतंच दाखवेल, आणि पळून झाल्यावर वरचा सेन्सरचा तुकडा काढून पट्टा धुवून वाळत घाला, तसाच जोडलेला ओला राहिला तर सेल उगाच उतरतो. मुंबईत हे फार कामाला येतं कारण जानेवारीतही तिथे दमटपणा असतो, पुण्यात ज्या पेसला 150 दिसतं त्याच पेसला तिथे उत्तरार्धात आकडा चढत जातो, आणि परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ येईपर्यंत तुमच्याकडे काही शिल्लक राहणार की नाही हे त्या चढण्यावरून आधीच कळतं.

दुसरी गोष्ट जी कुठलंच नवीन मॉडेल सोडवत नाही ती म्हणजे अंतर. साडेचार तासांना पेस लागतो साधारण 6:24, म्हणजे किलोमीटरला 6 मिनिटं 24 सेकंद. पण कोर्स मोजलेला असतो सगळ्यात जवळच्या रेषेने, आणि आपण गर्दीतून, वळणावर बाहेरून, पाण्याच्या टेबलाकडे आडवं जात पळतो, त्यामुळे घड्याळावर शेवटी 42.2 च्या जागी 42.6-42.7 येणं अगदी नॉर्मल आहे. 42.7 ला 6:24 ने गुणलं की 4 तास 33 मिनिटं होतात, म्हणजे पूर्ण रेसभर घड्याळ हिरवा सिग्नल देत राहील आणि तुम्ही तीन मिनिटांनी हुकाल. म्हणून घड्याळावर टार्गेट 6:18-6:19 धरा किंवा ऑटो लॅप (घड्याळ स्वतःच दर किलोमीटर मोजतं ते) बंद करून दर किलोमीटरच्या बोर्डाशी स्वतः लॅपचं बटण दाबा. घामेजल्या बोटांनी हे बटणावर टचपेक्षा सोपं जातं (265 ला पण बटणं आहेत, पाचच्या पाच, ते बरं केलंय त्यांनी).

मग 265 कधी घ्यावं? फोन न नेता गाणी ऐकत पळायचं असेल तर घ्या, कारण तुमच्या साध्या 255 मध्ये गाणी ठेवता येत नाहीत आणि 265 च्या सगळ्या मॉडेलमध्ये येतात, हे कारण मला पटतं. अंधारात आकडे दिसतच नाहीत आणि वर सांगितलेलं करूनही जमत नाही, तरी घ्या. किंवा बॅटरी खरोखर उतरली असेल तर. त्याची टेस्ट सोपी आहे, पुढच्या लाँग रनला पूर्ण चार्ज करून, रेसच्या दिवशी ठेवणार तेच मल्टी-बँडचं सेटिंग ठेवून निघा. तीन तासांत वीसेक टक्के गेले तर बॅटरी अजून नव्यासारखी आहे, पस्तीस-चाळीस गेले तर थकलीय. थकलेली असली तरी साडेचार तास निघतील, पण मग जानेवारीनंतर बघायला हरकत नाही, आणि तेव्हा नंतर आलेल्या फोररनर 570 चाही भाव विचारा, त्यात पाचव्या पिढीचा सेन्सर आहे म्हणजे निदान आत काहीतरी खरंच नवीन आहे.

आणि घेतलंच तर रेसच्या तोंडावर नको. एचआरव्हीचा तुमचा नेहमीचा पट्टा ठरवायला घड्याळाला साधारण तीन आठवडे रात्रीची झोप लागते, दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तर ते सगळं पहिल्यापासून. टेपरच्या (रेसआधी पळणं कमी करायच्या) दिवसांत रोज सकाळी अर्धवट माहितीवरचे आकडे बघून डोकं खराब करून घेऊ नका. स्ट्रॅप आणा, पुढचे दोन इझी रन त्याच्यावर पळा आणि आकडे काय आले ते इथेच खाली लिहा, हार्ट रेटचे झोन लावायला मी मदत करतो.